चौदा नंबरच्या शेतातली माती

तालात गाव, १२ मार्च २०१६

दा बास्सू,

तुझ्या शेताच्या कुंपणाबाहेर एका दगडावर बसून हे लिहितेय. 'बाहेर' हे मुद्दाम लिहिलं. आत पाऊल टाकलेलं नाही. मोहाकाका साक्षीला आहेत. ते शेळ्या घेऊन समोर उभे आहेत आणि मला डिवचताहेत, "जो माणूस दहा वर्षांत तुझा एक फोन उचलत नाही, त्याला एवढं लांबलचक काय लिहितेस गं?"

आपल्या आईची खुशाली कळवत नाही. तू तिला दर शुक्रवारी फोन करतोस, आणि तेवढ्या वेळापुरती ती मला कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर पाठवते. मी शुक्रवारी मेकनेसहून घरी आले की आमच्या कोंबड्या फार खातात.

कामाचं लिहिते. शिशाच्या बंद खाणीच्या ढिगाऱ्यावर हिरवळ आणायची परवानगी मला दीड वर्षापूर्वी मिळाली. रानवाटाण्याचं बी पेरलं. शिसं सहन करणारे जिवाणू परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून बंद बाटल्यांमधून आणले आणि बियांना चोळले. हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात, झाडाला हवेतला नत्र खाऊ घालतात, त्यामुळे उकिरड्यावरसुद्धा वेल तग धरतो. मार्चपर्यंत सगळं हिरवं होतं. मी फोटो काढले, विद्यापीठात भिंतीवर लावले. जूनमध्ये वर जाऊन बघते तर एक काडी जिवंत नाही. बाटलीतले जिवाणू बाटलीतलं शिसं सहन करत होते. आपलं शिसं, आपलं जस्त, आपली जानेवारीतली थंडी आणि जूनमधलं ऊन, एवढं सगळं एकदम त्यांना झेपलं नाही. तेव्हापासून गावातल्या बायका मला विचारतात, "तुदा, तुझ्या डोंगरावरच्या बागेत फिरायला कधी नेतेस?"

आज मोहाकाकांनी मला हाताला धरून इथे आणलं. तुझ्या शेतात रानवाटाणा गुडघ्याएवढा उभा आहे. कोणी पेरला नाही, कोणी पाणी घातलं नाही. कुंपणाच्या या बाजूला करडी धूळ आणि त्या बाजूला जांभळी फुलं. ढिगाऱ्यावरचं पाणी दर हिवाळ्यात तुझ्याच शेतात उतरतं, म्हणजे तुझ्या मातीत शिसं काही कमी नाही. हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

मला दहा रोपं मुळांसकट आणि एक बादली माती हवी आहे. देशील का?

यावेळी विचारतेय.

तुदा


तालात, २४ एप्रिल २०१६

दा बास्सू,

सहा आठवडे झाले. पत्र पोचलंय, कारण शुक्रवारच्या फोननंतर आई म्हणाली, "मिळालं म्हणाला." मी विचारलं, "अजून काय म्हणाला?" तर म्हणाली, "टोमॅटो चांगले आलेत म्हणाला. मी काय तुमच्या दोघांची पोस्ट आहे का?"

मेअखेरीला वेल वाळतील. वेल वाळले की मुळांवरच्या गाठी सुरकुततात आणि मग पुढच्या वर्षीपर्यंत वाट. तोवर माझी परवानगी संपते. माझी विद्यार्थिनी शामा माझ्याबरोबर आली होती. फेस शहरातली पोरगी आहे, हुशार, तोंडाळ. कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "बाई, एक ढांग आत टाकली की काम झालं. समुद्रापलीकडे आल्मेरियात बसलेल्या माणसाला कसं कळणार?"

"मला कळेल," मी म्हटलं.

"मग तुम्ही डोळे मिटा. मी जाते."

तिला मी गाडीत जाऊन बसायला सांगितलं. ती बसली, पण दार आपटून.

आता ते लिहिते जे दहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

२००६च्या वसंतात मी तुझ्या शेतात पहाटे पाच वेळा गेले. तू नमाजाला गेलेला असायचास. माती घेतली, वालाच्या शेंगा घेतल्या. दोन्हींत शिसं निघालं. अहवालात शेताला नाव नव्हतं, फक्त आकडा होता, चौदा. मला वाटलं आकड्याला कोण ओळखणार. आठवड्याभरात मिदेल्तच्या बाजारात पोरंटोरंही चौदा नंबर म्हणजे कोण ते सांगत होती. तुझे वाल कोणी घेईना, मग गावातल्या कोणाचंच काही घेईना, आणि गावानं त्याचा राग तुझ्यावर काढला. माझ्यावर नाही. तू बायकोपोरीला घेऊन गाव सोडलंस तेव्हा मी मेकनेसमध्ये होते, माझ्या पहिल्या शोधनिबंधाबद्दल अभिनंदनं घेत.

तुला न सांगता एवढी घाई का केली? दहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुझ्या पोरीसाठी, तिलिलासाठी. हेही तुला सांगितलेलं नाही. जत्रा दाखवायला म्हणून मी तिला मेकनेसला नेलं होतं ना, तेव्हा तिचं रक्त तपासून घेतलं. चार वर्षांची झाली तरी पोरगी नीट बोलत नव्हती, पोट धरून बसायची. रक्तात शिसं होतं, असायला हवं त्याच्या कितीतरी पट.

पण दा बास्सू, त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे येऊ शकले असते. आले नाही. निबंध द्यायची तारीख जवळ आली होती, आणि तू "थांब, निदान हे पीक निघू दे" म्हणशील याची मला भीती होती. तू तसं म्हणाला असतास की नाही, मला माहीत नाही. मी तुला म्हणायची संधीच दिली नाही. तिलिला हे खरं कारण होतं. घाईचं कारण मी होते.

माती देऊ नकोस वाटलं तर देऊ नकोस. हे त्यासाठी लिहिलेलं नाही.

तुदा


तालात, १५ मे २०१६

दा बास्सू,

तुझं कार्ड आलं. समुद्राचं चित्र आहे, मागे चार ओळी. आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतःला वाचता येत नाही तरी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "वाच."

मी वाचलं. "घे. पाहिजे तेवढी घे. तिलिलाच्या रक्ताचं मला तेव्हाच माहीत होतं, दंडावर टोचलेलं तिनं घरी आल्याआल्या दाखवलं. तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. कुंपण परत नीट लाव, मोहाच्या शेळ्या हरामखोर आहेत."

आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं, पण दुसऱ्यांदा मला शेळ्यांपर्यंत पोचता आलं नाही. आईनं उठून चूल पेटवली, डाळीचा दाट बिसारा गरम केला, भरपूर तेल आणि जिरं घालून वाटी माझ्यापुढे आदळली. "खा. रडायचं तर खाऊन रड."

म्हणजे तुझा राग अहवालाचा नव्हताच. मी न सांगण्याचा होता. मला वाटत होतं मी एक गोष्ट लपवून ठेवलीय आणि तू मात्र तीच गोष्ट ऐकायला थांबला होतास.

आम्ही दहा रोपं काढली. मोहाकाकांनी फावडं कोणाला धरू दिलं नाही. खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस एका वेलाचं मूळ इतकं हळुवार मोकळं करत होता की शामा पहिल्यांदा गप्प बसलेली पाहिली. मुळांवर गाठी होत्या. टपोऱ्या, आणि कापल्यावर आत लालसर. गाठ आतून लाल असली की ती जिवंत आहे, काम करतेय. मातीत एवढं शिसं असताना.

कुंपण लावलंय. स्वतः लावलं, हात अजून ओरबाडलेले आहेत.

तुदा


मेकनेस, ९ जानेवारी २०१७

दा बास्सू,

आज बसून सविस्तर लिहिते, कारण आज मला खात्री झाली. शामा बाहेरच्या खोलीत सगळ्यांना खजूर वाटत सुटलीय.

आम्ही काचेच्या ताटल्यांमध्ये जिवाणूंचं खाणं घातलं आणि त्यात शिसं मिसळलं. पहिल्या ताटलीत थोडं, पुढच्या ताटलीत त्याच्या दुप्पट, पुढे त्याच्याही दुप्पट. मग एका ओळीत मिदेल्तच्या सफरचंदांच्या बागेतल्या मातीचे जिवाणू सोडले, दुसऱ्या ओळीत परदेशी बाटलीतले, तिसऱ्या ओळीत तुझ्या शेतातले. बागेतले दुसऱ्या ताटलीत संपले. बाटलीतले चौथीत. तुझ्या शेतातले सातव्या ताटलीत पांढऱ्या ठिपक्यांसारखे वाढत होते. मी शामाला म्हटलं, "तू शिसं घालायला विसरलीस."

"बाई, मी जेवायला विसरले. शिसं घालायला नाही."

तीन वेळा पुन्हा केलं. तीच गोष्ट.

आता हे कसं जमतं ते सांगते. आपण सूक्ष्मदर्शकातून बघतो तेव्हा एक इवलीशी काडी दिसते, पण तिच्या अंगात तीन युक्त्या आहेत. एक, तिच्या भिंतीत पंप असतात. शिसं आत शिरलं की हे पंप ते उपसून बाहेर टाकतात, जशी खाणीतली माणसं पाणी उपसायची तसं, न थांबता. दुसरी, ती अंगाभोवती चिकट थर धरते, बरंचसं शिसं त्यातच अडकतं आणि मुळापाशीच राहतं, वर पानात कमी चढतं. आणि तिसरी मला सगळ्यात आवडते. पंप बनवायची कृती एका छोट्या गोल धाग्यावर लिहिलेली असते, आणि हे जिवाणू त्या धाग्याची नक्कल शेजाऱ्याला देतात. शेजारी आपल्या जातीचा नसला तरी देतात. तुझ्या मातीत आम्हाला चार वेगवेगळ्या जातींमध्ये तीच कृती सापडली.

हे एका वर्षात होत नाही. शिसं आलं तेव्हा बहुतेक मेले. लाखात एखादा तगला, त्याची पोरं वाढली, त्यांच्यातला आणखी तगडा उरला. अशा हजारो पिढ्या. मग ढिगाऱ्यावर हे का झालं नाही? तिथेही तीस वर्षं शिसंच होतं की. याच प्रश्नावर मी दोन महिने अडकले होते. उत्तर मोहाकाकांनी दिलं, तेही बिसाऱ्यात पाव बुडवता बुडवता.

"ढिगाऱ्यावर पेरत कोण होतं?" ते म्हणाले. "बास्सू पेरत होता."

खाण बंद पडली ८५ साली. पुढच्या वर्षापासून तू त्या शेतात दर हिवाळ्याआधी वाल लावलेस. अर्धे जळायचे, उरलेले खुरटायचे, पुन्हा पुढच्या वर्षी तू तयार. लोक हसायचे. मीही हसले होते. सुट्टीत आले होते तेव्हा तुला म्हणाले होते, "दा बास्सू, या शेताला कळत नाही की तुला कळत नाही?" तू म्हणालास, "शेत मोकळं ठेवलं की ते माणसाला विसरतं."

वाल आणि रानवाटाणा, दोघांच्या गाठींत एकच जिवाणू राहतो. ढिगाऱ्यावर त्याला राहायला मूळच नव्हतं. तू त्याला वीस वर्षं दर साली मूळ दिलंस, खत दिलंस, पाणी दिलंस. तो मरत, तगत, शिकत गेला. तू गेल्यावर रानवाटाण्यानं ते घर चालू ठेवलं. मी पंधरा वर्षं प्रयोगशाळेत जे शोधत होते ते तू फावड्यानं करून ठेवलं होतंस.

त्या जिवाणूला आम्ही नोंदीत नाव दिलंय, बी-चौदा. हा आकडा मी एकदा तुझ्यावर डाग म्हणून लावला होता. आता तो दुसऱ्या कशासाठी तरी वापरला जाईल. चालेल ना? चालत नसेल तर लिही, बदलते.

तुदा


तालात, २० जून २०१८

दा बास्सू,

"नाव राहू दे" एवढं लिहायला तुला जवळजवळ दीड वर्ष लागलं, पण आलं.

आता ढिगाऱ्याचं ऐक. परवानगी वाढवून मिळाली. नोव्हेंबरमध्ये पहिला पाऊस पडल्यावर पेरलं. बी-चौदा चोळलेला रानवाटाणा, आणि मध्ये मध्ये हल्फा गवताचे ठोंब. वेल नत्र देईल, गवत धरून ठेवेल, असा हिशेब. पेरायला सुरुवातीला फक्त मी आणि शामा होतो. मागच्या वेळी हसलेली माणसं लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी मोहाकाका आले, मग त्यांची सून, आणि आठवड्याअखेरीस सतरा बाया ओळीत वाकल्या होत्या. एक म्हणाली, "यंदा मेलं तर तुदाला लाज वाटायला नको, आपण सगळ्याच सोबत आहोत."

जानेवारीत तेरा दिवस बर्फ राहिलं. मी मेकनेसमध्ये नुसती येरझाऱ्या घालत होते. फेब्रुवारीत एका दुपारी मोहाकाकांच्या शेळ्या कुंपण मोडून आत शिरल्या, आणि स्वतः मोहाकाका चपला हातात घेऊन त्यांच्यामागे धावले, पडले, मनगट मोडून घेतलं. दवाखान्यात मला म्हणाले, "बास्सूला कळवू नकोस. खूश होईल."

वरचा उतार गेला. खोटं लिहीत नाही, एक तृतीयांश जळलं, तिथे अजून करडंच आहे. पण बाकीचं उभं राहिलं. एप्रिलमध्ये फुललं. आता जून संपत आलाय, वेल वाळून पिवळे पडलेत, पण त्यांची जाड चटई जमिनीवर पसरलीय आणि हल्फाचे ठोंब हिरवे आहेत. मी एक ठोंब उपटायचा प्रयत्न केला. निघाला नाही. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. मी तिथेच मटकन बसले आणि हसत सुटले. खालून शामा ओरडत होती, "बाई, लागलं का काही?"

लागलं, दा बास्सू. लागलंच एकदाचं.

तुदा


तालात, १९ मे २०१९

दा बास्सू,

परवा चेरगी वारा सुटला. मोसमातला पहिला, पूर्वेकडून, भट्टीच्या तोंडासारखा. तुला माहीत आहे आपल्याकडे काय होतं ते, ढिगाऱ्यावरची धूळ घराघरात शिरते. सकाळी सातलाच सगळ्यांनी दारं लावली, फटींत ओली फडकी कोंबली, शाळा सुटली, पोरांना आत कोंडलं. आईनं चादर भिजवून दारावर टांगली आणि तिच्यामागे पाटावर बसून राहिली.

नऊ वाजले. दहा वाजले. वारा पत्रे उचकटत होता, मशिदीवरचा कर्णा वाकडा झाला. पण आवाजात काहीतरी कमी होतं. खिडकीच्या काचांवर ती रेतीची तडतड नव्हती. मी दार किलकिलं केलं. समोर ढिगारा दिसत होता. म्हणजे बघ, दिसत होता! चेरगीत ढिगारा दिसलाय असं कधी झालं होतं का? हल्फा नुसतं आडवं होत होतं आणि परत उभं राहत होतं.

मग पलीकडचं दार उघडलं. मग मोहाकाकांचं. एकेक करून माणसं रस्त्यावर आली आणि वाऱ्यात तोंड वर करून उभी राहिली. कपडे फडफडत होते, टोप्या उडत होत्या, आणि हवा स्वच्छ होती. गरम, पण स्वच्छ. मोहाकाकांनी भिंतीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, मग ते बोट सगळ्यांना दाखवत फिरले, जणू मुलाचं लग्न ठरलंय. आईनं दारावरची चादर ओढून काढली, उलटसुलट करून पाहिली. पांढरी होती. ती चादर तिनं डोक्यावर धरली आणि जीभ हलवत लग्नातला तो लांब सूर काढला. मग दुसरीनं काढला, तिसरीनं. सगळी गल्ली. पोरं बाहेर पळाली आणि वाऱ्यात हात पसरून गोल फिरू लागली आणि त्यांना आत बोलवायला कोणी गेलं नाही.

सरकारी डॉक्टरीणबाईंचे कागद काल आले. शाळेतल्या एकसष्ट पोरांचं रक्त त्यांनी पेरणीआधी तपासलं होतं, या महिन्यात पुन्हा तपासलं. दर तिघांतल्या दोघांचं शिसं उतरलंय. वाढलेलं एकाचंही नाही. बाई कडक आहेत, कधी हसत नाहीत. म्हणाल्या, "हे मी दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही."

खरं तेही सांगते. शिसं कुठे गेलेलं नाही. ते ढिगाऱ्यातच आहे, मुळांनी आणि जिवाणूंनी फक्त जागच्या जागी धरून ठेवलंय. तुझ्या शेतातले वाल मी अजून खाऊ देणार नाही, आणि आपल्या हयातीत देता येतील असं वाटत नाही. पण खोऱ्यात असे आणखी अकरा ढिगारे आहेत. तिथल्या लोकांनी माणसं पाठवलीत, आम्हाला बी द्या, जिवाणू द्या म्हणून. तेवढं बी वाढवायला शिशाच्याच मातीतलं शेत हवं, म्हणजे जिवाणू मऊ पडत नाहीत. पंचायतीनं एकमतानं चौदा नंबर मागितलंय. भाड्यानं, आणि शेत बघायला मालकच हवा या अटीवर. ही अट माझी नाही. ती त्या सतरा बायांनी घातली.

२००६मध्ये ज्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यातले चौघे माझ्याकडे येऊन गेले. तुला लिही म्हणाले. काय लिहू, विचारलं, तर त्यांना सांगता येईना. नुसते उभे राहिले, चहा घेतला, गेले. हे तू समजून घे.

मी तुला ये म्हणत नाही. मी फक्त विचारतेय.

तुदा


आल्मेरिया, २ जून २०१९

तुदा,

तू फार लिहितेस. तिलिला म्हणते आत्याची पत्रं तिच्या शाळेतल्या पुस्तकापेक्षा चांगली. ती आता इतकं बोलते की इथला मुकादमसुद्धा तिच्यापुढे गप्प बसतो. पुढच्या वर्षी विद्यापीठात जाणार. तुझंच शिकायचं म्हणते.

पंचायतीला सांग, भाडं नको, शेत माझं आहे, मीच पेरेन. त्या चौघांना सांग, परत चहाला या, मी असताना.

वरचा उतार जळला म्हणतेस. तिथे तू नोव्हेंबरात पेरलंस, ते चुकलं. वरच्या अंगाला गारठा आधी धरतो. ऑक्टोबरातच पेरायला हवं, कोरड्यात, पावसाची वाट न बघता. मी वीस वर्षं तसंच करायचो. मला विचारलं असतंस तर एक तृतीयांश वाचलं असतं.

इथलं काम सोडलं. मुकादम विचारत होता, गावी काय आहे? मी म्हटलं, माझी जनावरं आहेत, लहान आहेत, बघणारं कोणी नाही. किती आहेत म्हणाला. मी म्हटलं, बहिणीनं मोजलीत, मला नक्की आकडा येत नाही.

मंगळवारी मेकनेसला उतरतोय. आईकडे जायच्या आधी तुझ्या प्रयोगशाळेत येईन. तुझी वहिनी राब्हा आणि तिलिलाही असतील. वीस वर्षं ज्यांच्यासाठी राबलो ते मी अजून पाहिलेले नाहीत. ते बारीक दाखवणारं यंत्र तयार ठेव. डॉक्टरकडून चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय.

बास्सू